एकाच वायरीतून

गच्चीवरच्या खोलीत दिवा आणि इंटरनेट नेण्याचं काम अपूर्णसाहेबांनी ज्या वाक्यानं अंगावर घेतलं, ते वाक्य होतं, "त्यात काय एवढं?" जगातली निम्मी संकटं याच तीन शब्दांनी सुरू होतात. उरलेली निम्मी "मी आहे ना" या तीन शब्दांनी सुरू होतात, आणि साहेबांनी पाठोपाठ तेही उच्चारून टाकले.

अपूर्णसाहेब हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. परीक्षा मंडळाच्या कचेरीत, अर्ज तपासणीच्या खिडकीमागे त्यांची चौतीस वर्षं गेली होती. तेवढ्या काळात त्यांनी 'अपूर्ण' हा शिक्का इतक्या अर्जांवर मारला, की त्यातला 'अ' झिजून शेवटी शेवटी नुसतं 'पूर्ण' उमटायला लागलं. ही गोष्ट लक्षात यायला एक आठवडा गेला. त्या एका आठवड्यात लोकांनी त्यांना जेवढा दुवा दिला, तेवढा उभ्या नोकरीत मिळाला नसेल. नवा शिक्का आला आणि दुवा बंद झाला. नाव मात्र निवृत्तीनंतरही चिकटून राहिलं.

गच्चीचं कारण त्यांची बायको. लग्नाच्या वेळी सुटलेलं वनस्पतिशास्त्राचं शिक्षण तिनं छप्पन्नाव्या वर्षी पुन्हा धरलं होतं. विषय, शेवाळ. भिंतीवरचं, टाकीवरचं, पन्हळीतलं. घरातल्या औषधांच्या रिकाम्या बाटल्यांत हिरवं-काळं काहीबाही भरलेलं असायचं आणि प्रत्येक बाटलीवर तारीख असायची. साहेबांनी एकदा चांगुलपणानं मोरीजवळची भिंत घासून लख्ख केली, तर बायको चार दिवस बोलली नाही. तो म्हणे तिच्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणाचा पुरावा होता.

प्रबंध लिहून झाला होता आणि आता तोंडी परीक्षा उरली होती. गुरुवारी सकाळी अकराला, घरबसल्या, लॅपटॉपवर. पण घर म्हणजे दोन खोल्या, आणि त्यातल्या एकीत सासूबाई. सासूबाईंना ऐकू कमी यायचं, त्यामुळे बाकीच्यांना जास्त ऐकावं लागायचं. त्यांचा टीव्ही तळमजल्यापर्यंत पोचायचा. मार्गदर्शक बाईंबरोबर एकदा रंगीत तालीम झाली, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "तुमच्याकडे कुणी गेलंय का? मागे फार रडारड ऐकू येतेय."

"मला एक तास शांत जागा हवी," बायको म्हणाली. "फक्त एक तास."

तेव्हा ते ऐतिहासिक वाक्य उच्चारलं गेलं.

गच्चीवर पाण्याच्या टाकीला खेटून एक खोली होती. साहेब सगळ्यात वरच्या मजल्यावर राहायचे म्हणून ती त्यांच्या वापरात होती, म्हणजे तिच्यात सायकलचा एक टायर होता. जागा शांत, खिडकीतून वारा, टाकीवर भरपूर शेवाळ. बायकोच्या दृष्टीनं विद्यापीठच. अडचण एवढीच, की तिथे वीज नव्हती. पूर्वी होती. पण एका बिऱ्हाडकरूनं सोसायटीच्या मीटरवर तिथे इस्त्रीचा धंदा काढला, आणि मग सभेत ठराव झाला: 'गच्चीवर कोणीही विजेची वायर नेऊ नये.' घरातलं वायफाय म्हणाल तर स्लॅब आणि टाकी ओलांडून वर जायचं त्याच्या जिवावर येत होतं. बायकोच्या लॅपटॉपची बॅटरी तर दम्याच्या रोग्यासारखी, दहा मिनिटांत धाप लागायची.

मुलीला फोन केला. मुलगी दुसऱ्या गावी कॉम्प्युटरच्या नोकरीत होती आणि वडिलांशी बोलताना हळूहळू, शब्द सुटे करून बोलायची.

"बाबा, इंटरनेटची एकच वायर वर न्या. खाली घरात एक छोटी डबी बसवायची. ती त्याच वायरीत थोडी वीजही सोडते. तेवढ्यावर वरचा दिवा, वायफाय, आईचा लॅपटॉप, सगळं चालतं. मी डबी पाठवते."

"एकाच वायरीतून वीज आणि माहिती?"

"हो."

"भांडत नाहीत?"

"तुम्ही आणि आई एका घरात राहताच ना?"

साहेबांनी फोन ठेवला. उत्तर बरोबर होतं की उद्धट, हे त्यांना ठरवता आलं नाही.

डबी आली. त्याआधी बातमी पसरली आणि समोरचे केमिस्ट आले. चाळीस वर्षं औषधाचं दुकान चालवल्यामुळे केमिस्टांना प्रत्येक गोष्टीत मात्रा दिसायची. "एका बाटलीत दोन औषधं कधी घालू नयेत," ते गंभीरपणे म्हणाले. "आणि टाकीजवळून नेताय? पाण्यात इंटरनेट उतरलं तर?" साहेबांनी विचारलं, उतरलं तर काय होतं? केमिस्टांनी मान हलवली. जगात अजून कुणावर हा प्रयोग झाला नव्हता, एवढंच ते सांगू शकले. जाता जाता, वायर घ्यायची तर मापाच्या दुप्पट घ्या, कमी पडली की डोस वाया जातो, असा सल्ला त्यांनी दिला आणि साहेबांनी तो मानला. त्यामुळे काम झाल्यावर निम्मी वायर भेंडोळं होऊन स्वयंपाकघराच्या खिडकीत लटकत राहिली.

पण काम होणार कसं? इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यानं वायर हातात घेतली, वाकवली, वास घेतला.

"ही आपल्यात येत नाही साहेब. ही नेटची आहे."

"पण वीज जाणार आहे ना तिच्यातून!"

"वीज जाईल हो. पण वायर नेटची आहे."

इंटरनेट बसवणाऱ्याला बोलावलं. त्यानं वायर ओळखली, साहेबांना हायसं वाटलं, आणि मग त्यानं डबी पाहिली.

"यात करंट आहे?"

"थोडासाच."

"करंट असला की आम्ही हात लावत नाही. तुम्ही इलेक्ट्रिशियन बघा."

साहेबांनी शक्कल लढवून दोघांना एकाच वेळी बोलावलं. कामाची वाटणी होईल, एक टोक याचं, एक टोक त्याचं, असा हिशेब. दोघे जिन्यातच भेटले आणि पंगतीतल्या पाहुण्यांसारखे एकमेकांना आग्रह करू लागले. "छे छे, हे तुमचंच काम." "नाही हो, तुमच्यापुढे आम्ही काय!" वीस मिनिटांनी दोघांनी साहेबांकडचा चहा घेतला, आपसात फोन नंबर घेतले, आणि मित्र होऊन निघून गेले. वायर तिथेच.

शेवटी साहेबांनी स्वतः कंबर कसली. वायर खिडकीतून बाहेर काढून, पावसाच्या पाइपाला बांधत बांधत गच्चीवर नेण्यापर्यंत सगळं सुरळीत पार पडलं. टोकाला प्लग बसवताना मात्र कळलं, की त्या एका वायरीच्या पोटात आठ वायरी आहेत. नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी आणि प्रत्येकीची एकेक पांढऱ्या पट्ट्याची बहीण. या आठजणींना ठरलेल्या क्रमानं एका ओळीत उभं करायचं. साहेबांनी चौतीस वर्षं रांगा लावल्या होत्या, पण माणसांच्या. माणसं हातातून निसटून चष्म्यात शिरत नाहीत.

पहिल्या प्रयत्नात वर दिवा लागला. साहेबांनी गच्चीवरून "आला!" अशी आरोळी ठोकली, तशी समोरच्या इमारतीतली दोन माणसं कोण आलं ते पाहायला बाहेर आली. उजेड आला होता, इंटरनेटचा पत्ता नव्हता. तिसऱ्या प्रयत्नात इंटरनेट आलं आणि दिवा गेला. आपला अभ्यास इतका बारकाईनं झाला आहे की आपण दोन्ही सुटं सुटं बिघडवू शकतो, याचा साहेबांना क्षणभर अभिमानही वाटला. पाचव्या प्रयत्नानंतर त्यांचे गुडघे बोलू लागले, कारण प्रत्येक प्रयत्न म्हणजे एक जिना वर आणि एक जिना खाली.

मग बायको आली. तिनं चष्मा बदलला, चिमटा घेतला. शेवाळाचे तंतू सुटे करायची सवय असलेल्या हातांनी तिनं त्या आठजणी अशा मांडल्या, की बघत राहावं. दहा मिनिटांत दिवाही आला, इंटरनेटही आलं.

"मी पाया घालून ठेवला होता," साहेब म्हणाले.

"हो तर," बायको म्हणाली. असे 'हो तर' काळजाला लागतात.

इथे गोष्ट संपली असती. पण खालच्या मजल्यावर, बरोबर साहेबांच्या घराखाली, सोसायटीचे सेक्रेटरी राहत होते आणि त्यांना खिडकीतून वर बघायची सवय होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ते हातात छापील अर्ज घेऊन दारात उभे.

"साहेब, गच्चीवर वायर गेलेली दिसतेय. परवानगीचा अर्ज भरावा लागेल."

साहेबांना अर्ज पाहून माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद झाला. त्यांनी सेक्रेटरींना बसवलं, पेन काढलं, सुवाच्य अक्षरात भरायला घेतलं आणि रकाना सहावर येऊन थबकले. तिथे छापलं होतं: 'वायरचा प्रकार: वीज / दूरसंचार (एक खोडावे).'

आता काय खोडावं? 'वीज' खोडावी, तर ते खोटं. 'दूरसंचार' खोडावं, तर ठरावाचा भंग. दुसरा कुणी असता तर डोळे मिटून एक काट मारून मोकळा झाला असता. पण ज्या माणसानं आयुष्यभर रकान्यांचं पावित्र्य सांभाळलं, त्याच्या हातून पेन चालेना. त्यांनी दोन्ही शब्द तसेच ठेवले.

सेक्रेटरींनी अर्ज वाचला. मग प्रत्येक अक्षर जिभेवर घोळवत म्हणाले, "अ-पू-र्ण."

त्यांच्या चेहऱ्यावरचं समाधान पाहून साहेबांना काही कळेना. ते सेक्रेटरींनीच सांगितलं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांच्या मुलीचा परीक्षेचा अर्ज याच साहेबांनी तीनदा परत पाठवला होता. पहिल्यांदा सही चौकटीला चिकटली म्हणून, दुसऱ्यांदा शाई निळसर काळी होती म्हणून, आणि तिसऱ्यांदा फोटोत डावा कान नीट दिसत नाही म्हणून. शेवटच्या तारखेला सेक्रेटरी मुलीला घेऊन फोटोवाल्याकडे धावले होते. "कान दाखव, कान दाखव, असं भर रस्त्यात ओरडत होतो मी," सेक्रेटरी म्हणाले आणि नवा कोरा अर्ज ठेवून निघून गेले.

दुसऱ्या अर्जाला साहेबांनी दोन पानी खुलासा जोडला. तो परत आला: जोडपत्राची तरतूद नाही. तिसऱ्या अर्जात त्यांनी दोन्ही शब्दांच्या वर 'उभयविध' असं बारीक लिहिलं. तोही परत आला: अर्जात मजकूर घालू नये.

"अहो, खोडा ना वीज!" बायको म्हणाली. "एवढीशी तर जातेय."

"एवढीशी असली तरी वीजच ना?"

"मी खोडू का?" केमिस्टांनी दारातून विचारलं. त्यांना एक निमित्त हवं असायचं.

साहेबांनी कुणालाच खोडू दिलं नाही. मात्र रकाना सहासमोर बसून त्यांना पहिल्यांदा जाणवलं, की खिडकीच्या त्या बाजूला उभं राहणं म्हणजे काय असतं. पाय दुखतात. आणि समोरचा माणूस मान वर करत नाही.

गुरुवार उजाडला तेव्हा दोन्ही शब्द तसेच ठेवलेला चौथा अर्ज सेक्रेटरींकडे प्रलंबितच होता. अर्ज प्रलंबित असताना कृती, हा गुन्हा साहेबांच्या हातून आयुष्यात पहिल्यांदाच घडत होता. बायको ठेवणीतले कपडे घालून, कापडी पिशवीत बाटल्या घेऊन वर गेली. साहेब खाली डबीसमोर खुर्ची टाकून बसले. डबीवर हिरवा ठिपका जळत होता. तो विझू नये म्हणून ते त्याच्याकडे एकटक बघत होते. सासूबाईंना त्यांनी आज टीव्ही हवा तेवढा मोठा लावा म्हणून सांगितलं होतं. त्यावर त्या जरा संशयानंच म्हणाल्या होत्या, "जावईबापू, डॉक्टरांनी माझ्याबद्दल काही सांगितलंय का?"

अकरा वाजून वीस मिनिटांनी टीव्ही थांबला. घरात एकदम शांतता पसरली.

"गेले!" आतून सासूबाई किंचाळल्या. "माझे कान पूर्ण गेले!"

साहेबांनी डबीकडे पाहिलं. हिरवा ठिपका नव्हता. पंखा मंद होत थांबला. वीज गेली होती. एकाच वायरीतून दोन्ही जात असल्यामुळे दोन्ही एकदमच गेलं होतं. म्हणजे वर लॅपटॉपचा दहा मिनिटांचा दम, आणि परीक्षकांपुढे अंधार.

सगळ्या इमारतीत इन्व्हर्टर एकाच घरी होता. साहेबांनी डबी उपटली, छातीशी धरली आणि जिना उतरले. चपला राहिल्या, त्या नंतर आठवल्या.

सेक्रेटरींनी दार उघडलं.

"तुमचा इन्व्हर्टर," साहेब धापा टाकत म्हणाले. "नेट पण. हिची परीक्षा चालू आहे वर. दहा मिनिटं आहेत. आता नऊ."

सेक्रेटरींनी डबीकडे पाहिलं. मग साहेबांच्या अनवाणी पायांकडे. "म्हणजे त्या वायरीत वीज आहे तर," ते म्हणाले. "आणि अर्ज?"

"अहो, अर्ज काय विचारताय!" आतून त्यांची बायको म्हणाली.

साहेब म्हणाले, "कान दिसत होता."

"काय?"

"तुमच्या मुलीच्या फोटोत. डावा कान दिसत होता. पाच वाजत आले होते, मी नीट पाहिलंच नाही. तुम्ही गेल्यावर पाहिलं. पण तोवर शिक्का मारला होता, आणि मारलेला शिक्का मागे घ्यायची मला सवय नव्हती." त्यांनी डबी पुढे केली. "माझं चुकलं."

पंधरा वर्षं जपलेलं भांडण असं अचानक हातात ठेवलं गेल्यावर माणसानं ते कुठे ठेवावं? सेक्रेटरी वळले आणि भरभर चालू लागले. "वायर कुठे आहे? वायर!"

वायरीचं भेंडोळं वरच्या खिडकीत होतं. साहेबांनी खिडकीतून मान बाहेर काढून हाक मारली, "आई! वायर सोडा!"

वर सासूबाईंचा चेहरा उगवला. "काय, ओढा?" आणि त्यांनी भेंडोळं आत ओढून घेतलं.

"सोडा! खाली सोडा!"

"ओढतेय, ओढतेय!"

तेव्हा सेक्रेटरींनी साहेबांना बाजूला सारलं आणि वार्षिक सभेसाठी राखून ठेवलेला आवाज काढला, "वायर खाली सोडाऽऽ!" पाखरं उडाली.

"ओरडता कशाला?" सासूबाई आनंदानं म्हणाल्या. "येतंय की ऐकू!" आणि भेंडोळं खाली आलं. सेक्रेटरी खिडकीतून अर्धे बाहेर, छत्रीच्या मुठीनं ते पकडताहेत, आणि त्यांच्या बायकोनं त्यांना मागून पट्ट्याला धरून ठेवलं आहे, असं दृश्य ज्या कुणी पाहिलं असेल, त्याला पुढच्या सभेत त्यांचं ऐकणं जड गेलं असेल.

डबी इन्व्हर्टरच्या बोर्डाला. वायर डबीला. डबी सेक्रेटरींच्या इंटरनेटला. हिरवा ठिपका लागला. भार नको म्हणून सेक्रेटरींनी स्वतःच्या घरातला पंखा, दिवे, सगळं बंद केलं. मग दोघे घाम पुसत त्या ठिपक्यासमोर उभे राहिले. जोरात श्वास घेतला तर विझेल अशा बेतानं.

"दोन्ही एकदम जातं यातून?" बऱ्याच वेळानं सेक्रेटरींनी हळूच विचारलं.

"दोन्ही."

सेक्रेटरींनी वायरीला बोट लावलं. "गरमसुद्धा लागत नाही हो."

पाऊण तासानं बायको शोधत शोधत खाली आली. हातात बाटल्यांची पिशवी.

"तुम्ही इथे काय करताय? आणि चपला कुठे आहेत?"

"ते राहू दे. परीक्षा?"

"छान झाली की! पास म्हणाले." ती खुर्चीवर टेकली. "मध्येच दिवा गेला, आणि त्याच वेळी तिघंही परीक्षक एकदम स्तब्ध झाले. एकाचं तर तोंड उघडंच राहिलं. मला वाटलं, माझ्या उत्तरानं थक्क झालेत. मग मी आणखी सांगत सुटले, प्रकरण तिसरं, प्रकरण चौथं, काही शिल्लक ठेवलं नाही. थोड्या वेळानं हलले आणि म्हणाले, पुढचा प्रश्न विचारायची गरज वाटत नाही."

साहेबांनी सेक्रेटरींकडे पाहिलं, सेक्रेटरींनी साहेबांकडे. खरं काय घडलं ते तिला सांगायची घाई दोघांनाही दिसली नाही.

सेक्रेटरींनी टेबलावरचा प्रलंबित अर्ज ओढला. रकाना सहा. पेनाचं टोपण काढून त्यांनी कंसातले 'एक खोडावे' हे दोन शब्द खोडले, 'वीज' आणि 'दूरसंचार' तसेच ठेवले, आणि खाली सही केली. साहेबांनी ती सही पाहिली. ती चौकटीला चिकटली होती. साहेबांचा फक्त उजवा डोळा जरासा फडफडला.

सेक्रेटरींच्या बायकोनं चहा आणला आणि कप देता देता विचारलं, "वहिनी, तुमच्या त्या खोलीत अजून एक खुर्ची मावेल का हो?"

"मावेल की. तुम्ही काय शिकणार?"

"ते नाही ठरवलं अजून. आधी बसून तर पाहीन म्हणते. तेहतीस वर्षं झाली, या घरात दार लावून बसलेली नाही मी."

सेक्रेटरींचा कप ओठांपाशीच थांबला. पण ते नाही म्हणाले नाहीत. शनिवारी सकाळी ते आणि साहेब, दोघे मिळून, हातांची एक जड लाकडी खुर्ची गच्चीवर न्यायला निघाले. दुसऱ्याच वळणावर ती कठड्यात अडकली.

"जरा डावीकडे घ्या."

"तुमच्या डावीकडे की माझ्या?"

"आधी तिरकी करा. तिरकी! कोन काढून बघा," केमिस्ट खालून म्हणाले. त्यांनी हात लावला नव्हता.

गच्चीच्या दारातून दोन चेहरे खाली वाकले. "येतेय का खुर्ची वर?"

"येतेय, येतेय," दोघे एकदम म्हणाले, आणि कुणीच हललं नाही.